डबक्यातलं लाल चर्च

मृग लागला की मला दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे "पाऊस आला का गं तिकडे?" ही नातेवाइकांची चौकशी, आणि दुसरी म्हणजे जुने गोव्यातल्या बॉम जीझस चर्चचा डबक्यातला फोटो. कोणी पाठवतं, कोणी नुसतंच "हे बघ!" म्हणून दाखवतं. माणसं वेगळी, कॅमेरे वेगळे, फोटो मात्र तोच. वर शाईसारखं आभाळ, मधे लालबुंद चर्च, आणि खाली पाण्यात तेच चर्च डोक्यावर उभं.

मीही हा फोटो दरवर्षी काढते आणि पुढेही काढत राहणार आहे. तेव्हा फोटो काढणाऱ्यांना नावं ठेवण्याचा माझा अजिबात विचार नाही. पण गेली काही वर्षं एक गोष्ट मनात घोळतेय, ती आज लिहूनच टाकते. या चर्चला पुन्हा चुन्याचा गिलावा करावा, ते पूर्वीसारखं पांढरं व्हावं, आणि त्याला सगळ्यात आधी होकार आपण फोटोवाल्यांनी द्यावा, असं माझं मत आहे.

"अगं, मग फोटोत राहिलं काय?" असं लगेच मनात आलं असेल तर जरा थांबा. आधी फोटोबद्दलच बोलू, कारण सगळी मेख तिथंच आहे.

प्रतिबिंब घ्यायला मोठं तळं लागतं असं पुष्कळांना वाटतं. लागत नाही. परातीएवढं डबकं पुरतं. अट एकच, कॅमेरा पाण्याला जवळजवळ टेकवायचा. उभं राहून डबक्यात पाहिलं तर तळाची माती, कुजकी पानं आणि आपलेच पाय दिसतात. उकिडवं बसून कॅमेरा पाण्यापासून चार बोटांवर आणला, की तेच पाणी आरसा होतं, कारण प्रकाश पाण्यावर जितका तिरका पडतो तितका तो जास्त परततो. मग परातीएवढ्या पाण्यात अख्खं चर्च मावतं. बॉम जीझसचा दर्शनी भाग साधारण जेवढा उंच तेवढाच रुंद आहे, म्हणजे खरं आणि उलटं अशी दोन्ही मिळून उभा फोटो अगदी बेताचा भरतो. पोलरायझर फिल्टर असेल तर काढून ठेवायचा. तो नको तेवढा फिरला, की प्रतिबिंबच पुसून टाकतो.

वेळही साधावी लागते. पाऊस कोसळत असताना प्रतिबिंब मिळत नाही, थेंबांनी पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसतं. पाऊस थांबला पाहिजे, झाडांचं ठिबकणं थांबलं पाहिजे, वारा पडला पाहिजे, आणि पुढची टुरिस्ट बस यायची असली पाहिजे. अशी पाच मिनिटं मिळाली तर नशीब. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कॅमेरा, कॅमेऱ्यावर धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी, खिशात लेन्स पुसायला कोरडा रुमाल, जो पहिल्या सरीतच चिंब होतो. घरी आल्यावर लेन्स पंख्याखाली, मग सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात. नाहीतर गणपतीपर्यंत काचेत बुरशीची जाळी धरलीच म्हणून समजा. कोकणात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. :)

एवढा खटाटोप पावसातच का करायचा? डबकी पावसात होतात हे झालंच. पण खरं कारण रंग आहे. हेच चर्च एप्रिलच्या दुपारी बघा. फिकट विटकरी, धुळकट, थोडंसं थकलेलं दिसतं. पाऊस पडला की तोच दगड डाळिंबासारखा गडद होतो. यात जादू नाही. कोरडा जांभा खडबडीत आणि सच्छिद्र असतो, त्याच्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि दगड फिका दिसतो. छिद्रांमधे पाणी भरलं की प्रकाश आत शिरतो, आतल्या आत फिरतो, त्यातला बराचसा दगडच शोषून घेतो, आणि जो बाहेर येतो तो गडद लाल होऊन येतो. ओली माती कोरड्या मातीपेक्षा काळी दिसते, सुती साडी भिजली की रंग खुलतो, तसंच हे.

म्हणजे ही भिंत सगळ्यात सुंदर दिसते तेव्हा ती सगळ्यात जास्त पाणी प्यायलेली असते. आपण ज्या क्षणाची वाट बघत उकिडवे बसतो, तो त्या दगडाच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट क्षण असतो. मला या विषयावर लिहावंसं वाटलं ते एवढ्या एका गोष्टीमुळे.

आता थोडं जांभ्याबद्दल. हा दगड पावसानंच घडवलेला. उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात हजारो-लाखो वर्षं पाणी झिरपत राहतं, खडकातली विरघळणारी द्रव्यं वाहून जातात आणि मागे लोखंड, ॲल्युमिनियम असलेला तांबडा, भोकाभोकांचा थर उरतो. फ्रान्सिस बुकानन यानं केरळात हा दगड पाहून १८०७ साली त्याला 'लॅटराइट' नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. नाव अगदी बरोबर आहे. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, हत्यारानं विटेसारखा सरळ कापता येतो. हवा लागली की कठीण होत जातो. पण हा कठीणपणा वरचा. आत जागोजाग पिवळट-पांढऱ्या मातीचे कप्पे असतात. वरचं कवच झिजलं की पाणी त्या कप्प्यांत शिरतं, माती धुपते, भोक मोठं होतं, पुढच्या पावसाला आणखी वाट मिळते.

आमचं आजोळ सावंतवाडीजवळचं, घर चिऱ्याचं. दिवाळीच्या आधी चुना लावायचा, हे तिथं फराळाइतकंच ठरलेलं काम होतं. पावसाच्या आधी नळे परतायचे, ज्या बाजूनं झड येते त्या बाजूला नारळाचे झाप बांधायचे, पाऊस सरला की झाप सोडायचे, भिंतींचे पोपडे खरवडायचे, चुना भिजत घालायचा. एकदा मामाला मी विचारलं होतं, की चिरा इतका छान दिसतो, तो झाकता कशाला? तो म्हणाला, "गिलावा न केलेलं घर म्हणजे सदरा न घातलेला माणूस. शेतात चालतो, पावसात चालत नाही." त्या भागात उघड्या चिऱ्याची भिंत दिसली की लोक काय समजायचे, तर घरमालकाचे पैसे संपलेत, गिलावा पुढच्या वर्षी होईल. 'रस्टिक लुक' हा शब्द तिथं अजून पोचायचा होता.

चर्च बांधणारे गवंडी काही वेगळ्या गावचे नव्हते. दगड तोच, पाऊस तोच. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा ठिकाणी जांभ्याची भिंत उघडी ठेवायची नसते, हे कोणाला शिकवावं लागत नव्हतं. रस्त्यापलीकडचं से कॅथीड्रल पाहा, पांढरं. शेजारचं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी, पांढरं. फोंड्याकडच्या देवळांत जा, भिंतीच्या आत जांभा, बाहेर गिलावा आणि रंग. देव कुठलाही असो, भिंत झाकलेली.

बॉम जीझसही झाकलेलंच होतं. बांधकाम १५९४ साली सुरू झालं आणि १६०५ साली चर्चचं पवित्रीकरण झालं. जेझुइटांचं हे चर्च. दर्शनी भागात जांभ्याबरोबर काळा बसाल्ट वापरला आहे, आणि तो आणला होता वसईहून. त्या वेळी वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, चिमाजीअप्पांनी १७३९ साली जिंकेपर्यंत. नक्षीकामाला घट्ट दगड हवा, जांभ्यात बारीक कोरीव काम टिकत नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर इतक्या लांबून, समुद्रमार्गे दगड आणला. आणि उरलेल्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा केला. तो तिथं जवळजवळ साडेतीनशे वर्षं होता. जुन्या कृष्णधवल फोटोंतलं बॉम जीझस पाहिलं की पहिल्यांदा ओळखच पटत नाही... इतकं उजळ!

मग ते लाल कसं झालं? १९५० च्या दशकात बाल्ताझार द कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञानं बाहेरचा गिलावा काढून टाकला. हेतू वाईट नव्हता. चर्च जास्त जुनं, जास्त 'अस्सल' दिसावं, असा विचार होता. पोर्तुगालमध्ये १९२९ साली स्मारकं आणि सरकारी इमारतींसाठी एक स्वतंत्र खातं सुरू झालं होतं, त्यात हे गृहस्थ मोठ्या पदावर होते. जुन्या चर्चवरचे नंतरचे थर खरवडून मूळ दगड उघडा करायचा, ही त्या खात्याची आवडती पद्धत. उत्तर पोर्तुगालमधल्या कितीतरी जुन्या चर्चना ती सोसली, कारण तिथला दगड ग्रॅनाइट. ग्रॅनाइटच्या देशातली आवड जांभ्याच्या देशात आणली, आणि तीही वर्षाला तीन हजार मिलिमीटर पावसात.

बरं, असं खरवडणं धोक्याचं आहे हे तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं, असंही नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जुन्या चर्चच्या भिंतींचा गिलावा सर्रास खरवडत होते. त्याला वैतागून विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी १८७७ साली जुन्या इमारती वाचवण्यासाठी एक संस्था काढली. तिचं टोपणनावच 'अँटी-स्क्रेप' पडलं, म्हणजे खरवडण्याविरुद्धची मंडळी. मॉरिसचा मुद्दा साधा होता. इमारत जुनी दिसावी म्हणून तिच्यावर हत्यार चालवणं म्हणजे ती जुनी करणं नव्हे, तिचं म्हातारपण बनवणं. बॉम जीझसचं नेमकं हेच झालं. आपण ज्याला चारशे वर्षांचं रूप समजून हळवे होतो, ते रूप माझ्या आईच्या पिढीचं आहे.

यात नुकसान किती? दर पावसाळ्यात मला चार गोष्टी उघड्या डोळ्यांनी दिसतात. चिऱ्यांच्या कडा गोलसर झालेल्या. सांध्यांतला चुना मागे गेलेला. सावलीच्या बाजूला शेवाळ. आणि काही ठिकाणी भिंतीतून डोकावणारी कोवळी रोपटी, ज्यांची मुळं सांध्यात काय करतात ते कुठल्याही कोकणातल्या घरमालकाला विचारा. डबक्यातली लाली सगळी चर्चची नसते, गोव्याची मातीच तांबडी आहे, हे खरं. पण भिंतीच्या पायाशी हात फिरवून पाहिलात तर बोटांना जी बारीक तांबडी पूड लागते, ती कुठून आली हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. २०२० साली चर्चच्या रेक्टरांनीच जाहीरपणे सांगितलं, की गिलाव्याशिवाय ही इमारत धोक्यात आहे. चर्चची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, आणि तेव्हापासून गिलावा करावा की करू नये यावर वाद चालू आहे.

हा वाद फक्त दगडांचा असता तर मी इतकं लिहिलं नसतं. त्या भिंतींच्या आत लाकडावर सोन्याचा मुलामा दिलेली उंच वेदी आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे, टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानं दिलेली, फ्लॉरेन्सच्या फोग्गिनीनं घडवलेली, १६९८ साली इथं उभी राहिलेली. वर चांदीच्या पेटीत संताचं शव. दर दहा वर्षांनी ते खाली आणून दर्शनाला ठेवतात. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या दर्शनाला आलेली गर्दी ज्यांनी पाहिली, त्यांना सांगायला नको की हे चर्च म्हणजे नुसतं बघायचं स्मारक नाही. लोक तिथं रडतात, नवस बोलतात, पोरांना कडेवर घेऊन तासन् तास रांगेत उभे राहतात. त्यात ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. या सगळ्यावरचं छप्पर ज्या भिंतींनी पेललंय, त्या दर पावसात भिजताहेत.

आता विरोधातले मुद्दे. तेही प्रामाणिकपणे मांडायला हवेत.

पहिला मुद्दा, किल्ले नाहीत का उघडे? आग्वादचा किल्ला जांभ्याचाच आहे, उभा आहे ना? आहे. पण तटाची जाडी आणि चर्चच्या भिंतीची जाडी यात फरक आहे. तट चार बोटं झिजला तर तो तटच राहतो. चर्चच्या दर्शनी भागावरची कमान, खांब, कंगोरे चार बोटं झिजले तर मागे काय उरेल?

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटलंय, की इमारतीवर वेगवेगळ्या काळांनी केलेले संस्कार जपावेत, सगळं पुसून एकाच काळात नेऊ नये. उघडा दगडही आता सत्तर वर्षांचा झालाय, तोही इतिहासच नाही का? मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, एखाद्या काळानं काही भर घातली असेल तर ती जपावी. इथं भर नव्हती, वजाबाकी होती. शिवाय चुन्याचा थर पुन्हा चढवताना मूळ दगडाला काही करावं लागत नाही. उद्या कोणाला चुकीचं वाटलं तर तो काढताही येतो. झिजून गेलेला जांभा मात्र परत आणता येत नाही. या दोन धोक्यांचं वजन सारखं नाही.

तिसरा मुद्दा, गिलावा केला आणि आत ओल कोंडली तर? अगदी रास्त शंका. सिमेंट वापरलं तर तसंच होईल. सिमेंटचा थर कडक, त्याला बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी आत जातं पण बाहेर येत नाही, आणि मग भिंतीला लोणा लागतो. जुन्या घरांना सिमेंट थापून पस्तावलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. पण चुना श्वास घेतो. ओल आली तरी बाहेर जायला वाट देतो. तो स्वतः झिजतो आणि भिंत वाचवतो, त्याचं कामच ते. म्हणून तर दरवर्षी नाहीतर वर्षाआड हात द्यावा लागतो. आधी मागच्या बाजूच्या एखाद्या तुकड्यावर करून बघा, दोन पावसाळे जाऊ द्या, मग पुढचं ठरवा. एवढी घाई कोणालाच नाही. पण सुरुवात तरी व्हायला हवी.

आणि चौथा मुद्दा, जो कागदावर क्वचितच येतो पण गप्पांत सगळ्यात आधी येतो. "लोकांना ते लालच आवडतं." मला वाटतं खरी अडचण ही आहे, आणि यात आपला, म्हणजे कॅमेरावाल्यांचा हात आहे. गोव्याची चर्च आणि मठ १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा बॉम जीझस उघडं होऊन बरीच वर्षं झाली होती. पोस्टकार्डं, कॅलेंडरं, पर्यटनाची पत्रकं, सगळीकडे लाल चर्च. नंतर डिजिटल कॅमेरे आले, फोन आले, आणि डबक्यातल्या त्या फोटोची लाखो पोरं झाली. फोटो एकदा काढला की तो म्हणतो, हे असंच होतं आणि असंच असायला हवं. बघता बघता एक जखम त्या इमारतीची ओळख होऊन बसली. उद्या कोणी पांढरा हात फिरवायला गेलं तर "वारसा विद्रूप केला" म्हणून सगळ्यात मोठा ओरडा आपणच करू, आणि पुरावा म्हणून आपलेच फोटो दाखवू.

गंमत बघा, याच जुने गोव्यात दुर्लक्षाचा हिशेब मांडून ठेवलेला आहे. बॉम जीझसपासून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट ऑगस्टीनचे अवशेष आहेत. तिथला अर्धा उरलेला मनोराही पावसात फार सुंदर दिसतो, त्याचेही फोटो येतात. धार्मिक संघ हद्दपार झाले आणि १८३५ साली ते चर्च ओस पडलं. १८४२ साली आतलं छत कोसळलं. १९३१ साली दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा गेला. एका दिवसात काही झालं नाही. शंभर वर्षांत एकेक पावसाळा आपला वाटा घेऊन गेला. वाचली ती त्याची घंटा, कारण तिला कोणीतरी वेळेवर हलवलं. १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे.

आणि पणजीच्या त्या चर्चचं नाव निघालंच आहे तर ते पावसात नक्की बघा. नागमोडी जिन्यांचं, पांढरंशुभ्र. संध्याकाळी दिवे लागले आणि समोरचा रस्ता ओला असला, की ते पांढरं रस्त्यावर सांडतं. त्याचा फोटो काढणं लाल चर्चपेक्षा अवघड आहे, हे मी अनुभवानं सांगते. कॅमेरा फसतो, पांढरं करडं पडतं, एक्स्पोजर हातानं वाढवावं लागतं, मळभाच्या आभाळात चर्चची कड हरवते. पण जमला तर त्या फोटोला तोड नाही. पावसात पांढरं चर्च कसं दिसतं याचं उत्तर गोव्यातल्या प्रत्येक गावात उभं आहे. हिरव्या शेतात, पाण्यानं भरलेल्या खाचरात, उलटं. बॉम जीझस पांढरं झालं आणि त्यावर वसईच्या काळ्या दगडाची रेघ उठून दिसली, तर आपल्याला नवीन फोटो शिकावा लागेल एवढंच. शिकू की! दगडानं आपल्या फोटोसाठी भिजत राहावं ही अपेक्षा मला तरी मोठी वाटते.

तोपर्यंत काय करता येईल? दोन कामं सुचतात. जे दरवर्षी जातात त्यांनी डबक्यातला फोटो काढून झाल्यावर आणखी एक फोटो काढावा. भिंतीचा एकच तुकडा ठरवून घ्यायचा, त्याच अंतरावरून, शक्यतो त्याच महिन्यात, बाजूला एखादी पट्टी किंवा नाणं धरून. सुंदर नसेल तो फोटो. कोणी वाहवा करणार नाही. पण पाच-दहा वर्षांचे असे फोटो एकाशेजारी एक ठेवले, तर दगड किती मागे सरकला ते वाद न घालता दिसेल. मी तीन वर्षांपासून एका कोपऱ्यातल्या चिऱ्याचे असे फोटो ठेवतेय. घरी सगळे हसतात, हसू देत.

दुसरं काम नातेवाइकांसाठी. आपल्यापैकी कितीतरी घरांतले आजी-आजोबा पोर्तुगीज राजवटीत गोव्याला जाऊन आलेले आहेत. कोणी कुलदैवताला, कोणी नोकरीधंद्याला. एखाद्या ट्रंकेत, काळ्या पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये, कोपऱ्यांना तिकोनी चिकटपट्ट्या लावलेला एखादा बॉम जीझसचा फोटो निघेलही, गिलावा काढण्याआधीचा. निघाला तर जपून स्कॅन करा, मागे काही लिहिलं असेल तर तेही स्कॅन करा, आणि मला पाठवा. चर्च लाल नव्हतं हे लोकांना वाचून पटत नाही. फोटोमुळे जे डोळ्यांत बसलं, ते काढायलाही फोटोच लागेल.